डुकरीण गाभडते तेव्हा: तीन जिवाणू

डुकरिणीचा गाभणकाळ सुमारे 114 दिवसांचा; तोंडपाठ हिशेब तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस.

ब्रुसेला सुइस : 1914 मध्ये अमेरिकेत जेकब ट्रॉम यांनी गाभडलेल्या पिल्लांतून वेगळा केला. मुख्यतः समागमातून, नराच्या वीर्यावाटे पसरतो. गाभडलेले पिल्लू, वार चघळल्यानेही. गाभ तीन आठवड्यांच्या आसपासच पडू शकतो. तो इतका लहान असतो की गोठ्यात कुणाला दिसतही नाही. कळते ते एवढेच की, नेहमीच्या 21 दिवसांऐवजी मादी 30 ते 45 दिवसांनी पुन्हा माजावर आली. नराचे वृषण सुजते. काही जनावरे मागच्या पायाने लंगडतात. औषधोपचाराचा भरवसा नाही. बाधित कळप काढून टाकणे हाच रूढ मार्ग.

लेप्टोस्पायरा : मुंबईकरांना पावसाळ्यात धास्ती असते त्याच ‘लेप्टो’चे कूळ. डुकरांत पोमोना व ब्राटिस्लाव्हा हे प्रकार महत्त्वाचे. जिवाणू मूत्रपिंडात ठाण मांडतो, मूत्रावाटे पाणी व चिखलात उतरतो. गाभ बहुधा शेवटच्या महिन्यात पडतो. मेलेली वा अशक्त पिल्ले जन्मतात. लस उपलब्ध.

एरिसिपेलोथ्रिक्स : तीव्र ताप, कातडीवर शंकरपाळ्याच्या आकाराचे लाल चट्टे. गाभ पडतो तो बहुधा तापामुळे. पेनिसिलिन गुणकारी.

गल्लत नको : पार्व्हो आणि पीआरआरएस हे विषाणू, त्यांच्यावर प्रतिजैविके चालत नाहीत. नुसत्या लक्षणांवरून फरक ठरत नाही, प्रयोगशाळेची तपासणी लागते.

माणसाला धोका : तिन्ही जिवाणूंचा. गाभडलेले पिल्लू उघड्या हाताने उचलू नये.