शमशाबाद विमानतळाचा हिरवा ताळेबंद

मुलांना, नातवंडांना सोडायला आणि आणायला आपल्या मंडळातली बहुतेक कुटुंबे वर्षातून दोन-चार वेळा तरी शमशाबादला जातात. हे विमानतळ ‘कार्बन न्यूट्रल’ असल्याचे वर्तमानपत्रांत अधूनमधून छापून येते. विमान किती इंधन जाळते हे सगळ्यांनाच ठाऊक आहे, मग विमानतळ न्यूट्रल कसे, असे सभासद विचारतात. शंका रास्त आहे. तिचे उत्तर हिशेबाच्या पद्धतीत आहे, आणि बँकेत आयुष्य गेल्यामुळे आम्हाला ते ओळखीचे वाटले.

आधी थोडे मागे जाऊ. २३ मार्च २००८ पासून प्रवासी विमाने बेगमपेट सोडून शमशाबादला उतरू लागली. बेगमपेटचे विमानतळ निजामाच्या काळातले. तेव्हा ते गावाबाहेर होते. पुढे शहर त्याच्या चारी बाजूंनी वाढले आणि अमीरपेट, रसूलपुरा, सिकंदराबादच्या लोकांच्या डोक्यावरून विमाने जाऊ लागली. आवाजाचा तो त्रास शमशाबादमुळे एका रात्रीत थांबला. सुमारे साडेपाच हजार एकर जागा आणि ४,२६० मीटरची मुख्य धावपट्टी असलेले हे विमानतळ सुरुवातीला वर्षाला १ कोटी २० लाख प्रवाशांसाठी बांधले होते. २०२३-२४ मध्ये तिथून अडीच कोटी प्रवासी गेले-आले. हैदराबाद वाढले म्हणजे काय झाले, ते या दोन आकड्यांत दिसते.

आता ‘कार्बन न्यूट्रल’कडे वळू. विमानतळांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे, एअरपोर्ट्स कौन्सिल इंटरनॅशनल. तिची कार्बनची मानांकन पद्धत २००९ मध्ये युरोपात सुरू झाली आणि नंतर आशियात आली. तिच्यात पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर विमानतळाने आपला कार्बन फक्त मोजायचा. दुसरीवर तो कमी करून दाखवायचा. तिसरीवर विमान कंपन्या, टॅक्सीवाले, दुकानदार यांनाही या कामात ओढायचे. त्याच्याही वरची पायरी न्यूट्रलची. तिथे विमानतळाच्या स्वतःच्या नावावर जो कार्बन उरतो, तेवढी बचत दुसरीकडे कुठेतरी झाल्याची प्रमाणपत्रे, म्हणजे कार्बन क्रेडिट, विकत घेऊन हिशेब शून्यावर आणायचा. हैदराबादने ही पायरी गाठली आहे.

‘स्वतःच्या नावावर’ हे शब्द महत्त्वाचे. त्यात टर्मिनलची वीज, जनरेटरचे डिझेल, विमानतळाच्या मालकीची वाहने आणि कर्मचाऱ्यांचे कामानिमित्तचे प्रवास येतात. विमानांचे इंधन येत नाही. उतरताना आणि उड्डाण करताना तीन हजार फुटांपर्यंत विमान जे जाळते, ते मोजून दाखवावे लागते, आपल्या गाड्या-टॅक्सींचे पेट्रोलही दाखवावे लागते, पण ते शून्य करावे लागत नाही. बँकेच्या ताळेबंदाखाली गॅरंटी आणि लेटर ऑफ क्रेडिटच्या रकमा ‘कंटिंजंट लायबिलिटीज’ म्हणून वेगळ्या दाखवतात, तसाच हा प्रकार. रक्कम खरी असते, पण बेरजेत धरलेली नसते. यात फसवणूक काही नाही, फक्त वाचणाऱ्याने तळटीपही वाचायला हवी. (न्यूट्रलच्याही वरच्या पायऱ्या आता निघाल्या आहेत आणि त्यांत पूर्ण उड्डाणाचा कार्बन मांडावा लागतो. ही सुधारणा आम्हाला चांगली वाटते.)

तळटीप केवढी मोठी आहे, त्याचा अंदाज कागद-पेन्सिल घेऊन कोणीही करू शकतो. विमानतळाच्या आवारात आधी ५ आणि नंतर आणखी ५, असे १० मेगावॉटचे सौर पॅनेल बसवले आहेत. आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॉटचे पॅनेल दिवसाला साधारण ४ युनिट वीज देते. म्हणजे रोज सुमारे ४० हजार युनिट झाले. कोळशावर चालणाऱ्या आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे अंदाजे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे रोज २८ टनांची बचत. आता दुसरी बाजू पाहू. पुण्या-मुंबईला जाणारे १८० आसनांचे विमान तासाला साधारण अडीच टन इंधन जाळते आणि एक किलो इंधनातून ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तासाला जवळजवळ ८ टन. एवढ्या सगळ्या पॅनेलांची दिवसभराची कमाई एकच विमान साडेतीन तासांत उडवून टाकते. आणि शमशाबादहून रोज शेकडो विमाने जातात.

म्हणून सौर पॅनेल लावू नयेत असे नाही. कोची विमानतळाने ऑगस्ट २०१५ मध्ये आपली सगळी गरज सौर विजेवर भागवायला सुरुवात केली, तेव्हापासून देशात इतरांनाही चांगले वळण लागले. शिवाय विमानांचे इंधन वाचवण्यात विमानतळाचा हात अगदीच नाही असेही नाही. गेटवर उभ्या विमानाला दिवे आणि थंड हवा लागते. त्यासाठी शेपटीतले छोटे इंजिन चालू ठेवले तर तासाला शंभर किलोच्या वर इंधन जाते. विमानतळाने वायरने वीज आणि जाड नळीने गार हवा पुरवली की ते इंजिन बंद ठेवता येते. धावपट्टीकडे रांगेत सरकणारे विमान मिनिटाला दहा-बारा किलो जाळते, त्यामुळे रांग आखडली तर फायदा लगेच दिसतो. इंधन बदलणे मात्र सरकार आणि कंपन्यांच्या हातात. जुन्या तेलापासून, शेतीच्या कचऱ्यापासून बनवलेले इंधन आंतरराष्ट्रीय उड्डाणांत २०२७ पासून १ टक्का आणि २०२८ मध्ये २ टक्के मिसळायचे, असे भारताचे लक्ष्य आहे. सुरुवात म्हणून ठीक आहे.

रस्त्याचे सांगायचे तर मेट्रो अजून विमानतळापर्यंत गेलेली नाही. आरटीसीने मार्च २०१९ मध्ये विमानतळाच्या मार्गांवर ४० विजेच्या बस आणल्या. त्या पुष्पक बस स्वच्छ आणि वेळेवर असतात, सामानालाही जागा असते. तरी एका पाहुण्याला आणायला आपल्याकडे दोन गाड्या भरून माणसे निघतात. तो आपला आपुलकीचा खर्च आहे, पण विमानतळाच्या वहीत तोही तळटीपेतच जातो.

आम्हाला खरी काळजी वाटते ती पाण्याची. १९०८ च्या सप्टेंबरमधल्या मुसीच्या महापुरानंतर विश्वेश्वरय्यांच्या योजनेतून दोन तलाव झाले. मुसीवर उस्मानसागर आणि तिच्या ईसी या उपनदीवर हिमायतसागर. शहराने कित्येक दशके हेच पाणी प्याले. तलावांत येणारे पाणी घाण होऊ नये म्हणून सरकारने १९९६ मध्ये जीओ १११ काढला आणि दोन्ही तलावांपासून दहा किलोमीटरच्या परिसरात ८४ गावांत कारखाने, मोठी हॉटेले आणि दाट वस्तीला बंदी घातली. शमशाबाद मंडलातली अनेक गावे त्या यादीत आहेत.

विमानतळाच्या कुंपणाच्या आत व्यवस्था आहे. सांडपाणी शुद्ध करून झाडांना आणि शौचालयांना वापरतात, पावसाचे पाणी जिरवतात. पण विमानतळ आला की कुंपणाबाहेर त्याच्यामागून गोदामे, हॉटेले, व्हिला आणि लेआउट येतात. त्यांचे सांडपाणी विमानतळाच्या कोणत्याच मानांकनात मोजले जात नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये सरकारने जीओ ६९ काढून जुनी बंधने सैल करण्याचे ठरवले. शमशाबादच्या शेतकऱ्याला आपली जमीन विकता यावी, चांगला भाव मिळावा, ही अपेक्षा समजण्यासारखी आहे. पंचवीस-तीस वर्षे त्याची जमीन अडकून पडली, ती शहराच्या पाण्यासाठी. त्याला त्याचा मोबदला कोणी दिला नाही. पण बंधने काढायची तर आधी गटारे आणि शुद्धीकरण केंद्रे हवीत. तलाव गढूळ झाल्यावर ती बांधून उपयोग नाही.

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शमशाबाद, शादनगर, मोइनाबादकडे प्लॉट घेतले आहेत, काही जण घेण्याच्या विचारात आहेत. पूर्वी बँकेत त्या भागाचे कर्जप्रकरण आले की पहिला प्रश्न जीओ १११ चा असे. आज माहितीपत्रकात विमानतळ किती मिनिटांवर आहे ते ठळक छापलेले असते. विक्रेत्याला आणखी तीन गोष्टी जरूर विचाराव्यात. गाव त्या ८४ गावांच्या यादीत आहे का, लेआउटला कोणत्या प्राधिकरणाची कोणत्या सालची मंजुरी आहे, आणि दोनशे घरांचे सांडपाणी पाइपातून नेमके कुठे जाणार आहे. तिसऱ्याचे उत्तर ‘पुढे नाला आहे’ असे आले, तर तो नाला कोणत्या तलावाला मिळतो ते नकाशावर स्वतः पाहावे.