रेस अडकते तेव्हा

भिवंडीच्या धामणकर नाक्यावर सायझिंगमधून निघालेले सुताचे बीम, कापडाचे तागे आणि गोदामांचा माल घेऊन जाणाऱ्या टेम्पोंची दिवसभर रीघ असते. चार हात पुढे, ब्रेक, पुन्हा रेस. या गर्दीत ड्रायव्हरचा पाय ज्याच्यावर विसंबून असतो, तो ॲक्सिलरेटर म्हणजे तळव्याएवढा पुर्जा. पण त्यातल्या दोषापायी लाखो गाड्या कंपन्यांना परत बोलवाव्या लागल्या आहेत.

जुन्या गाड्यांत पेडलपासून इंजिनापर्यंत तारेची केबल असते. पाय दाबला की तार ओढली जाते, सोडला की स्प्रिंग तिला परत आणते. तारेचे पीळ सुटले किंवा आवरणात पाणी शिरून गंज चढला, की ती मागे सरकत नाही आणि इंजिन ओरडत राहते. मेकॅनिक नवी वायर टाकतो, काम भागते.

आजच्या बहुतेक कारमध्ये ही तारच नाही. पेडलला जोडलेले दोन सेन्सर पाय किती दाबला ते संगणकाला कळवतात. दोघांचे आकडे जुळले नाहीत, तर संगणक इंजिनाचा जोर आपणहून उतरवतो. मात्र तार गेली तसे तिचे घर्षणही गेले, आणि पायाला तर त्या घर्षणाची सवय. म्हणून अभियंत्यांनी पेडलमध्ये मुद्दाम एक घासणारा भाग बसवला. जगभर गाजलेल्या एका रिकॉलचे मूळ नेमके त्या भागात निघाले.

जानेवारी 2010 मध्ये टोयोटाने अमेरिकेतल्या सुमारे 23 लाख गाड्या परत बोलावल्या. सीटीएस या कंपनीने पुरवलेल्या पेडलमध्ये झीज आणि दमटपणा यांमुळे घासणारे भाग चिकटत. पेडल सावकाश वर येई, क्वचित मध्येच अडके. इलाज होता पोलादाची एक छोटी पट्टी. त्याआधी ऑगस्ट 2009 मध्ये सॅन डिएगोजवळ टोयोटाच्याच लेक्सस गाडीच्या अपघातात चौघे दगावले होते. तिथे दुसऱ्याच मॉडेलच्या फ्लोअर मॅटमध्ये पेडल अडकले होते. दोष इलेक्ट्रॉनिक्सचा आहे का, हे शोधायला थेट नासाला बोलावले गेले. 2011 च्या अहवालात तसा दोष आढळला नाही. ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल 2014 मध्ये टोयोटाने 120 कोटी डॉलर भरले.

एप्रिल 2024 मध्ये टेस्लाच्या 3,878 सायबरट्रकची पाळी आली. पेडलवरचे आवरण सहज चढावे म्हणून कारखान्यात साबण वापरला गेला होता. त्यामुळे ते निसटून वरच्या पॅनेलमध्ये अडकण्याचा धोका होता.

भारतात वाहन उत्पादकांच्या संघटनेने 2012 मध्ये स्वेच्छेने रिकॉल करण्याची संहिता आणली. पुढे 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 110अ आले आणि त्याचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू झाले. आता ठराविक प्रमाणात तक्रारी आल्या किंवा चाचणी संस्थेने दोष दाखवला, तर सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकते. दंड 10 लाखांपासून 1 कोटीपर्यंत. कंपनीने स्वतःहून दोष कळवून गाड्या परत बोलावल्या, तर मात्र दंड नाही. कायद्यातली ही मेख मोठी हुशारीची, कारण दोष झाकण्यापेक्षा सांगणे स्वस्त पडते.

चालत्या गाडीत रेस अडकलीच, तर ब्रेक एकदाच पूर्ण ताकदीने दाबून धरावा. पुन्हा पुन्हा मारल्यास ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखे होते. गिअर न्यूट्रल करावा, गाडी कडेला घेऊन थांबवावी आणि मगच इंजिन बंद करावे. धावत्या गाडीची चावी काढली, तर स्टिअरिंग लॉक होऊ शकते.

रिकॉलची सूचना कंपनी आपल्या नोंदीतल्या मालकाला पाठवते. टेम्पो दुसऱ्या-तिसऱ्या हाती गेला असेल, तर ती भलत्याच पत्त्यावर पोचते. म्हणून जुनी गाडी घेताना आरसी बुकातला चासी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघावा किंवा सर्व्हिस सेंटरला विचारावा. काम बाकी निघाले, तर रिकॉलमधली दुरुस्ती फुकट असते.