लहान इंजिन, मोठी ताकद : टिकेल का?



उसाचे बिल जमा झाले की घरात मोटारीचा विषय निघतो. गट ऑफिसवर लागणीच्या नोंदी घेताना हल्ली एक प्रश्न हमखास येतो, "साहेब, हजार सीसीचं टर्बो इंजिन एकशेवीस घोड्यांची ताकद देतंय म्हणे. टिकंल का हो ते?" प्रश्न रास्त आहे. मोटारीत घालायचे आठ-दहा लाख रुपये घामाचे असतात.

आपल्या ४५ एचपी ट्रॅक्टरचे इंजिन साधारण २७०० सीसीचे असते. म्हणजे लिटरमागे सोळा-सतरा घोडे. या मोटारीत एका लिटरमागे १२० घोडे! सातपट काम घेतले तर इंजिन सातपट लवकर बसणार, असे कोणालाही वाटेल. पण हा हिशोब अर्धाच खरा आहे. नांगराला जुंपलेला ट्रॅक्टर तासन् तास ओढीवर असतो. मोटारीला मात्र सपाट रस्त्यावर ७०-८० च्या वेगाला पंधरा-वीस घोडे पुरतात. पूर्ण ताकद लागते ती घाटात किंवा पुढची गाडी ओलांडताना, तीही थोडा वेळ.

टर्बो म्हणजे काय? इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर एक चक्र फिरते. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरात भरते. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. हे चक्र मिनिटाला लाख-दीड लाख फेरे घेते. धुराची उष्णता ९०० अंशांच्या घरात जाते आणि दांडा फिरतो तो ऑईलच्या पातळ थरावर. तेव्हा या इंजिनाचा जीव ऑईलमध्ये आहे, हे पक्के ध्यानात ठेवावे.

फोर्ड कंपनीच्या एक लिटर 'इकोबूस्ट' इंजिनाचे उदाहरण बोलके आहे. २०१२, २०१३ व २०१४ अशी सलग तीन वर्षे ते जगातले उत्कृष्ट इंजिन ठरले. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत याच इंजिनाच्या सुमारे १ लाख ३९ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. त्यांत चेन्नईत बनून तिकडे गेलेल्या इकोस्पोर्टही होत्या. दोष कुठे होता? टर्बोत नाही, पिस्टनमध्येही नाही. ऑईल पंप फिरवणारा पट्टा आणि तो ताणून धरणारा भाग, यांत होता. तो निकामी झाला की ऑईलचा दाब जातो आणि इंजिन जाम होऊ शकते. एवढ्या ताकदीचे इंजिन अडले ते एका पट्ट्यापायी!

दुसरा धोका चालवण्याच्या सवयीचा. वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर एकदम पाय दाबला तर ठिणगी पडण्याआधीच पेट्रोल पेट घेऊ शकते. हा दणका जोराचा बसला तर पिस्टन फुटतो. यासाठी २०२० साली 'एपीआय एसपी' हा ऑईलचा नवा दर्जा आला.

तरी सभासदांनी पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) ऑईल पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच घालावे. ट्रॅक्टरचे उरलेले ऑईल मोटारीत ओतू नये.

२) किलोमीटर भरले नाहीत तरी वर्षाला ऑईल बदलावेच. घर ते मळा अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही आणि न जळलेले पेट्रोल ऑईलमध्ये उतरते. अशांनी त्याआधीच बदलावे.

३) सुरू केल्या केल्या रेस करू नये. घाट चढून आल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवून मग बंद करावे. नाहीतर टर्बोतले ऑईल जागेवरच करपते.

४) चढाला गिअर वेळेवर उतरवावा. सात माणसे आणि डिकीत बेण्याच्या मोळ्या, असा भार घालू नये.

५) ऑईलचा लाल दिवा लागला की गाडी तिथेच थांबवावी. 'गावापर्यंत जाऊ' म्हणू नये.

६) जुनी टर्बो गाडी घेताना सर्व्हिसच्या पावत्या पाहाव्यात. पावत्या नसतील तर सौदा सोडावा.

टर्बो ही नवलाईची चीज नव्हे. ऊस वाहतुकीच्या ट्रकना ती कित्येक वर्षे आहे आणि ते लाखो किलोमीटर धावतात. निगा राखणाऱ्याला लहान टर्बो इंजिनही चांगली साथ देते. ज्याला एवढे सांभाळणे जमणार नाही, त्याने सरळ बिनटर्बोचे साधे इंजिन घ्यावे. त्यात ताकद कमी, पण हयगय खपवून घेण्याची तयारी जास्त.

– ऊस विकास अधिकारी