पांढऱ्या रंगाचे दोन इतिहास

न्यूयॉर्कमध्ये १९६४ साली जन्मलेल्या चित्रकर्त्री ज्युलिया जॅकेट जाहिरातींतील आणि नियतकालिकांतील छायाचित्रे समोर ठेवून चित्रे रंगवतात. लग्नाचा केक, वधूचा पांढरा पोशाख, मद्याचा पेला, पोहण्याचा तलाव हे त्यांचे विषय. २०१७ साली हॅमिल्टन महाविद्यालयाच्या वेलिन कलासंग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन भरले. त्याच्या नावातील एका शब्दाचा अर्थ होता, प्रतिसाद न मिळालेली ओढ. वस्तू डोळ्यांपुढे आहे, मोहक आहे, पण हाती लागत नाही. जाहिरातीचे सारे बळ याच अंतरात असते.

विवाहाविषयीची ही ओढ उपजत नसते. ती घडवली जाते. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया १८४० साली पांढऱ्या पोशाखात विवाहाला उभी राहिली आणि तो रंग हळूहळू वधूचा ठरला. हिरा चिरंतन असतो, ही कल्पना डी बिअर्स कंपनीसाठी १९४७ साली लिहिलेल्या घोषवाक्याने अमेरिकेत घरोघरी रुजवली.

आमच्या विवाहातही पांढरा रंग आहे. त्याचा इतिहास मात्र वेगळा आहे. महात्मा फुले यांनी १८७३ साली पुरोहिताविना सत्यशोधक विवाह लावून दाखवला. बाबासाहेबांनी १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत नोंदणी पद्धतीने विवाह केला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोक शुभ्र वस्त्रांत दीक्षेसाठी उभे राहिले. बौद्ध विवाहविधीत होम नाही, सप्तपदी नाही. लग्नाच्या कर्जापायी सावकाराच्या दारी राबलेल्या समाजासाठी हा साधेपणा मुक्तीचाच भाग होता.

आज अमेरिकेतील आमच्या अनेक विवाहांत त्रिशरण-पंचशील अर्ध्या तासात आटोपते. सभागृह, फुलांची कमान, केक आणि चित्रफीत यांच्या तयारीत मात्र कित्येक महिने जातात. आनंद साजरा करण्यास आमचा विरोध नाही. परंतु तथागतांनी दुःखाचे मूळ तृष्णेत दाखवले आहे, आणि ही तृष्णा आमची की बाजाराने दिलेली, हे वधूवरांनी व दोन्हीकडच्या आईवडिलांनी खर्चाची यादी करतानाच एकमेकांना विचारले पाहिजे. आमच्या लग्नांची चित्रे त्याच रात्री गावाकडच्या भ्रमणध्वनीवर पोहोचतात. आम्ही सहज पेललेला खर्च तिथे एखाद्या लेकीच्या बापापुढे अपेक्षा होऊन उभा राहतो, आणि ती पुरी करण्यासाठी तो पुन्हा कर्जाच्या कागदावर सही करतो.