नववधूची छबी आणि मागचा पडदा

विवाह ठरला, याद्या झाल्या, कार्यालय मिळालें, म्हणजे पूर्वीं घरांतील वडील मंडळी आचारी आणि उपाध्याय यांच्या विचारास लागत. हल्लीं त्या दोघांच्याही आधीं तिसऱ्या एका गृहस्थाची तारीख धरावी लागते. तो म्हणजे फोटोग्राफर. लग्नाच्या दिवशीं अंतरपाटाजवळ धडपडणारा फोटोग्राफर आपल्या घरांस नवा नाहीं. परंतु लग्नापूर्वीं महिना-दीड महिना वधूवरांस, किंवा एकट्या नववधूस, एखाद्या दूरच्या स्थळीं न्यावयाचें आणि तेथें चार-पांच वेष पालटून दिवसभर तिच्या छबी टिपून घ्यावयाच्या, ही चाल मात्र अगदीं अलीकडची आहे. 'प्री-वेडिंग शूट' हा इंग्रजी शब्द आतां यवतमाळांत लग्नपत्रिका छापणाऱ्यांसही पाठ झाला आहे, आणि ज्या घरांत मुलगी उपवर आहे त्या घरांत आज ना उद्यां हा प्रश्न निघाल्यावांचून राहत नाहीं. म्हणून त्याचा थोडा शांतपणें विचार करावा असें मनांत आलें.

आपल्या जिल्ह्यांतून या कामासाठीं कोणी नागपुरास जातात, कोणी उमरखेडकडील सहस्रकुंडाच्या धबधब्यापर्यंत जातात. ऐपत असलेलीं घरें मात्र पांढरकवड्यावरून थेट हैदराबादेचा रस्ता धरतात. राष्ट्रीय महामार्ग ४४ आपल्याच जिल्ह्यांतून जातो. पहांटे मोटार काढली तर दिवस मावळण्यापूर्वीं रामोजी फिल्म सिटी सहज गांठतां येते. १९९६ सालीं रामोजी राव यांनीं उभारलेली ही नगरी १,६६६ एकरांवर पसरलेली असून, जगांतील सर्वांत मोठें चित्रपटनिर्मितीचें आवार म्हणून गिनीजच्या ग्रंथांत तिची नोंद आहे. संस्थापक २०२४ सालीं निवर्तले. नगरी चालू आहे. तेथें मोंगली धर्तीची बाग आहे, जपानी धर्तीची बाग आहे, 'बाहुबली' चित्रपटासाठीं उभारलेली माहिष्मती आहे. विमानतळ आहे, पण विमान नाहीं. रेल्वेचें स्टेशन आहे, पण तेथून कोठलेंही तिकीट मिळत नाहीं. राजवाड्याची दर्शनी बाजू दिपवून टाकणारी, आणि तिच्या पाठीमागें गेल्यास बांबू, फळ्या आणि प्लॅस्टर. थीम पार्क म्हणतात तो हाच प्रकार. येथें भाड्याचा, मागें पांच-सहा हात लोळणारा झगा घालून मुलगी जिन्यावर उभी राहते, दोन मदतनीस तो झगा वाऱ्यावर उडवून चटकन् बाजूस पळतात, आणि छबी निघते.

ही कल्पना आपली नव्हे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांत वधूनें पूर्ण विवाहवेष करून लग्नाच्या कांहीं आठवडे आधीं एकटीची तसबीर काढवून घ्यावयाची, असा जुना रिवाज आहे. वॉल्ट डिस्नेचें पहिलें उद्यान १९५५ सालीं कॅलिफोर्नियांत उघडलें, दुसरें १९७१ सालीं फ्लोरिडांत. आणि फ्लोरिडांतील त्या परिसरांत १९९५ सालीं तळ्याच्या कांठीं खास विवाहमंडपच बांधण्यांत आला. परीकथेंतील किल्ला पाठीशीं घेऊन उभ्या राहिलेल्या वधूचा जुना रिवाज आणि नवें उद्यान असा संगम तेथें झाला. सिनेमा आणि मोबाइल यांच्या द्वारें तो आपल्याकडे आला, व फ्लोरिडाच्या किल्ल्याच्या जागीं आपल्याकडे माहिष्मती आली, इतकेंच.

आमच्या परिचयाच्या एका घरीं या विषयावर झालेलें संभाषण येथें सांगण्यासारखें आहे. नात पुण्यास नोकरीस. लग्न तिनें आणि वडिलांनीं मिळून ठरविलेलें. हैदराबादेचा बेत तिनें जेवतांना काढला तेव्हां ऐंशी वर्षांच्या आजीनें विचारलें, "अग, त्या राजवाड्यांत आपलें कोण राहतें?"

नात म्हणाली, "आजी, पैसे माझ्या पगारांतले आहेत. बाबांवर भार नाहीं."

"पैशाचें कुठें विचारलें मीं? कोण राहतें तेवढें सांग."

त्यावर मुलीनें दिलेलें उत्तर मोठें मार्मिक होतें. ती म्हणाली, "तुझ्या लग्नाच्या फोटोंत मागें तळें आहे अन् त्यांत दोन हंस आहेत. ते तरी आपल्या वाड्यांत कुठें होते, आजी?" सारें घर हंसलें, आणि आजी सर्वांत अधिक हंसल्या.

मुलीचें म्हणणें खरें आहे. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या काळांतले नांवाजलेले छायाचित्रकार. तेव्हांपासून थेट आपल्या लहानपणापर्यंत स्टुडिओ म्हटला कीं पडदा आलाच. पडद्यावर रंगविलेला संगमरवरी जिना, कठडा, सरोवर, क्वचित् विलायती किल्लासुद्धां. समोर लांकडी तिवईवर कुंडी आणि कुंडीशेजारीं नऊवारी नेसून, नथ घालून, ताठ बसलेली वधू. आरंभींच्या काळांत कांचेवर छबी उमटण्यास इतका वेळ लागे कीं मान हलूं नये म्हणून पाठीमागून लोखंडी आधार लावीत. त्या जुन्या चेहऱ्यांवर जें गांभीर्य आपणांस दिसतें त्यांत निम्मा वांटा त्या लोखंडाचा असावा! तेव्हां खोट्या राजवाड्यापुढें उभें राहणें हा कांहीं नव्या पिढीचा शोध नाहीं. पूर्वीं पडदा वधूपाशीं येत असे, आतां वधू पडद्यापाशीं जाते.

याच हैदराबादेंत लाला दीनदयाळ यांनीं १८९२ सालीं केवळ स्त्रियांसाठीं जनानी स्टुडिओ उघडला होता. उंच भिंतींच्या आंत, सारें काम स्त्रियांच्याच हातीं, म्हणजे पडद्यांतील स्त्रीस परपुरुषाच्या दृष्टीस न पडतां आपली तसबीर काढवून घेतां यावी. त्यावेळीं आपला वऱ्हाड नांवाचा निजामाचा आणि कारभाराचा इंग्रजांचा होता. त्याच वऱ्हाडांतली मुलगी आज त्याच शहरीं जाऊन उघड्या आकाशाखालीं, शेंकडों अनोळखी प्रवाशांच्या देखत, निःसंकोच उभी राहते. यांत कांहीं गेलें असेल, पण पुष्कळ मिळालेंही आहे, आणि जुन्या तसबिरी नीट पाहिल्या म्हणजे तें ध्यानांत येतें. सारडा कायदा १९२९ सालचा. त्यानें मुलीचें वय चौदा ठरविलें, आणि अठराची मर्यादा १९७८ सालीं आली. म्हणजे आपल्या पणज्यांच्या लग्नाच्या फोटोंत जी वधू दिसते ती बहुधा परकरांतून नुकतीच लुगड्यांत आलेली पोर असे. तिला कोणीं विचारलें नव्हतें, आणि पुष्कळदां तिची ती एवढीच छबी असे. बाळंतपणांत ती गेली, किंवा दैवानें तिच्यावर वैधव्य आलें, तर तिला पुन्हां कोणी कॅमेऱ्यापुढें बसवीत नसे. घरोघरच्या जुन्या पेट्यांत असे कागद आहेत. त्यांच्याकडे पाहिल्यावर, आपल्या पगारानें आपल्या हौसेनें फोटो काढून घेणाऱ्या पंचवीस वर्षांच्या मुलीस नांवें ठेवण्यास माझें मन धजत नाहीं.

तरीही आजींचा प्रश्न उरतोच. तो कालिदासानें आपल्या आधीं सोडविलेला आहे असें मला वाटतें. शाकुंतलाच्या सहाव्या अंकांत पश्चात्तापानें पोळलेला दुष्यंत शकुंतलेचें स्वतः काढलेलें चित्र पाहत बसला आहे. चित्र हुबेहूब आहे, पण राजाला तें अपुरें वाटतें. त्याला अजून मालिनी नदी काढावयाची आहे, तिच्या वाळूंत हंसांचीं जोडपीं, पलीकडे हिमालयाच्या टेकड्या व तेथें विसावलेलीं हरणें, वल्कलें वाळत घातलेला वृक्ष, आणि त्याखालीं काळविटाच्या शिंगावर डोळा घासणारी हरिणी. विदूषक मनांत म्हणतो कीं आतां हा सारा फलक दाढीवाल्या तापसांनीं भरून टाकणार! विनोद बाजूस ठेवूं. पण जो राजा राजवाड्यांत बसला आहे तो आपल्या प्रियेच्या मागें राजवाडा काढीत नाहीं. तो तिचें माहेर काढतो. हंस येथेंही आहेत, परंतु ते तिच्या नदीचे आहेत.

भवभूतीच्या उत्तररामचरितांत तर आरंभींच चित्रदर्शन आहे. राम, सीता आणि लक्ष्मण आपल्याच गत आयुष्याचीं चित्रें पाहत आहेत. मिथिलेंतील लग्नसमारंभाचें चित्र येतें, तेव्हां सीता ऊर्मिलेकडे बोट दाखवून ही दुसरी कोण, असें दिराला मुद्दाम विचारते, आणि लक्ष्मण लाजून पुढच्या चित्राकडे वळतो. लग्नाचें चित्र कशासाठीं, याचें याहून गोड उत्तर मला माहीत नाहीं. दीर-भावजयांनीं एकत्र बसून तें पाहावें, थट्टा करावी, नांवें ओळखावीं. हैदराबादेच्या चित्रांत ओळखावयाचें कोणाला? वधू एक, बाकी सारें प्लॅस्टर.

खर्चाविषयीं थोडें स्पष्ट बोललें पाहिजे. मुलगी मिळवती असेल तर प्रश्न तिचा. परंतु प्रत्येक घरीं तसें नसतें, आणि झगे, रंगभूषा, उंचावरून चित्रें घेणारा ड्रोन, प्रवास, मुक्काम हें सर्व वधूपित्याच्या यादींत गुपचुप येऊन बसतें. वरपक्ष मागत नाहीं, केवळ "आमच्या धाकट्याच्या लग्नांत केलें होतें" असें सांगतो. हें सांगणें आणि मागणें यांतला भेद शब्दांपुरताच असतो. शिवाय आपला जिल्हा कापसाचा, आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें सगळ्या देशास ठाऊक झालेला. सुशिक्षित घरांतून जें आज हौसेनें होतें तें चार वर्षांनीं खेड्यांत प्रतिष्ठेसाठीं, कर्ज काढून होतें. बँड, मांडव, जेवणावळी या सर्वांचा प्रवास याच वाटेनें झाला आहे. पांढरपेशांनीं आपल्या हौसेचा विचार करतांना ही वाट विसरूं नये.

यावर कांहीं समाजांनीं बंदीचे उपाय योजले. भोपाळ येथें २०१९ सालीं गुजराती, जैन आणि सिंधी समाजांच्या संस्थांनीं अशा छायाचित्रणास मनाई केली. आपल्या महाराष्ट्रांतही २०२५ सालीं मराठा समाजाच्या बैठकांतून विवाहाची जी आचारसंहिता पुढें आली तींत हा विषय होता. मंडपांत भल्यामोठ्या पडद्यावर वधूवरांचीं शृंगारचित्रें चालावीं आणि खालीं आजोबा-आजींनीं पानांत मान घालून जेवावें, हा प्रकार खरोखर अप्रशस्त आहे, व त्याविरुद्ध कोणी बोललें तर मी त्यांच्या बाजूचा आहे. पण ठरावानें हौस मरत नाहीं. ती गुपचुप केली जाते, आणि मग घरच्या वडिलांचा त्यांत कांहींच शब्द राहत नाहीं. त्यापेक्षां मुलीबरोबर बसून बोलावें.

बोलतांना तिला एक गोष्ट सुचवावी. रामोजी नगरींतील खोट्या स्टेशनावर फोटो काढण्यासाठीं शेंकडों किलोमीटर जाण्यापूर्वीं यवतमाळचें खरें स्टेशन एकदां पाहावें. १९०३ सालीं किलिक-निक्सन कंपनीच्या मंडळींनीं चालू केलेली मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर धांवली, आणि साऱ्या वऱ्हाडानें तिला नांव दिलें शकुंतला! आतां ती धांवत नाहीं. पण तिच्याच डब्यांत बसून या जिल्ह्यांतील किती नववधू सासरीं गेल्या असतील! रीतसर परवानगी काढून आजी आणि नात त्या फलाटावर उभ्या राहिल्या, तर पाठीमागें काय आहे हें दोघींनाही सांगतां येईल. कळंबच्या चिंतामणीचें जमिनीच्या पातळीखालीं उतरून जावयाचें मंदिर आहे; आणि कांहींच नसलें तर आपलें अंगण आहे, तुळशीवृंदावन आहे.

फोटोग्राफरासही एक गोष्ट आधीं सांगून ठेवावी. मुहूर्तापूर्वीं मुलगी गौरीहरापुढें बसते. अंगावर मामानें दिलेली पिवळी अष्टपुत्री, समोर आईनें दिलेली अन्नपूर्णा, हातांत अक्षता. साऱ्या विवाहांत वधू एकटी असते ती तेवढाच वेळ. बाहेर सनईचा, पाहुण्यांचा गलबला चाललेला असतो आणि आंत ती मान खालीं घालून एकेक अक्षता वाहत असते. बहुतेक फोटोग्राफर त्या वेळीं चहास गेलेले असतात! त्यांना तेथें बसवावें, दिवे न लावतां, हूं कीं चूं न करतां, एक छबी घ्यावयास सांगावें. हैदराबादेचा बेत झाला असला तरी ही एक चुकवूं नये.

आणि निघालेल्या चित्रांपैकीं दहा-बारा तरी कागदावर छापून घ्यावीं. मोबाइलच्या पोटांत हजार चित्रें असतात आणि मोबाइल तीन वर्षांत पालटतो. छापलेल्या प्रत्येक चित्राच्या पाठीमागें मऊ शिसपेन्सिलीनें तिथि, गांव आणि त्यांतील सर्वांचीं नांवें लिहावीं. वधूचें माहेरचें नांवही लिहावें; जुन्या पेट्यांतील फोटोंवर इतर सर्व मजकूर सांपडतो, बहुधा तेवढेंच लिहिलेलें नसतें.