भूमिगत अग्निशमन जलवाहिनी : चर बुजविण्यापूर्वीची दक्षता

कारखाने, गोदामे व रुग्णालये यांच्या आवारात आग विझविण्यासाठी टाकलेली भूमिगत जलवाहिनी एरवी दृष्टीस पडत नाही. तिच्यातील उणीव आगीच्या वेळीच उघडी पडते. म्हणून चर बुजविण्यापूर्वीच तिची तपासणी होणे अगत्याचे आहे.

नळ सुमारे १ मीटर खोल असावेत. पोलादी नळांना गंजरोधक आवरण द्यावे. १५० मिलिमीटर व्यासाच्या नळाच्या बंद टोकावर, दर चौरस सेंटिमीटरला ७ किलोग्रॅम दाब असता, १,२०० किलोग्रॅमहून अधिक रेटा येतो. सांधे निखळू नयेत म्हणून वळणांपाशी व टोकांपाशी काँक्रीटचे भक्कम ठोकळे बांधतात. जलवाहिनी शक्यतो कडीच्या आकारात फिरवून टप्प्याटप्प्यावर झडपा बसवाव्यात. एक भाग दुरुस्तीसाठी बंद केला तरी दुसऱ्या बाजूने पाणी मिळते. वेगाने पाणी सोडून आतील माती-खडे काढावेत आणि सांधे उघडे असतानाच दाबचाचणी घ्यावी.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये अशी यंत्रणा सुस्थितीत राखण्याची जबाबदारी मालक वा भोगवटादार यांची आहे. त्याबाबतचे परवानाधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये सादर करावे लागते. झडप उघडून पाणी पाहिल्यावरच त्या प्रमाणपत्राला अर्थ प्राप्त होतो.