जुनी गाडी घेताय? भाव यार्डात नाही, बैठकीत ठरवा



मसाला, पापड, भाजी, दूध, कुठलाही धंदा थोडा वाढला की मासिक बैठकीत गाडीचा विषय निघतोच. दर खेपेला टेम्पोचं भाडं मोजायचं, वर त्याची वाट बघत माल उन्हात ठेवायचा. नवीन गाडी झेपत नाही. मग कुणीतरी म्हणतं, "तालुक्याला जुन्या गाड्यांचं यार्ड आहे, जाऊन बघू." बघायला हरकत नाही. पण आठवडे बाजारात मेथीच्या जुडीमागं दोन रुपये कमी करून घेणारी आपली ताई यार्डातल्या खुर्चीवर बसली, समोर थंडा आला की गप्प होते. घासाघीस तिला येत नाही असं नाही. तिथं मालाची माहिती समोरच्याकडं असते आणि आपल्याकडं नसते, म्हणून तोंड उघडत नाही. ती माहिती आधी गोळा केली की बोलणं आपोआप येतं.

सुरुवात कुठली गाडी हवी इथून करा. माल वाहायचा, भाडं मारायचं असेल तर पिवळ्या पाटीचीच गाडी लागते. "पांढऱ्या पाटीची स्वस्त पडेल, कोण बघतंय" असं सांगणारे खूप भेटतील. खासगी नोंदणीची गाडी भाड्यानं चालवली तर दंड होतो आणि अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. गटाच्या पैशाला हा धोका परवडत नाही.

मग भाव काढा. समजा छोटा हत्ती घ्यायचा आहे. तेच मॉडेल, तेच साल, साधारण तेवढीच चाललेली गाडी तीन ठिकाणी किती सांगतात ते विचारा. जुन्या गाड्यांच्या मोबाईल अ‍ॅपवरही बघा आणि वहीत लिहा. त्याच गाडीचा आजचा नवीन भाव शोरूममधून घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू गाड्या आणि लहान कारवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, त्यामुळे नव्या गाड्या स्वस्त झाल्या. यार्डवाला जुन्या किमतीच्या हिशोबानं "नवीन घ्यायला गेलात तर एवढे पडतील" म्हणत असेल, तर शोरूमचा कागद समोर ठेवायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, ठराव. जायच्या आधी बैठकीत दोन आकडे ठरवा. एवढ्यात मिळाली तर उत्तम, आणि याच्या वर एक रुपयाही नाही. हा वरचा आकडा नुसत्या गाडीचा नसावा. गाडी, नावावर करण्याचा खर्च, विमा, लगेच करावी लागणारी दुरुस्ती, सगळं धरून गाडी आपल्या दारात उभी राहीपर्यंतचा असावा. इतिवृत्तात लिहा, सह्या घ्या. पुष्कळ जणींना वाटतं ठराव फक्त ऑडिटसाठी असतो. सौद्यात तो आपल्या फार कामी येतो. एकटा माणूस भरीला पडतो, जागेवर वीस हजार वाढवतो. तुम्ही खरं तेच सांगू शकता, "दादा, ठराव एवढ्याचाच आहे. वाढवायचं तर पुन्हा बैठक घ्यावी लागेल, पुढच्या महिन्यात." यावर समोरच्याला दबाव टाकायला जागाच उरत नाही.

जाताना दोघी-तिघी जा आणि आपला मेकॅनिक न्या. त्याला त्याच्या दिवसाची मजुरी आपण द्यायची, म्हणजे तो आपलाच राहतो. यार्डवाल्यानं सुचवलेला मिस्त्री नको. भाव एकीनंच बोलायचा, बाकीच्यांनी बघायचं. गाडीसमोर "अगं, रंग किती छान" असं बोलायचं नाही, ते घरी आल्यावर. कुणाचे मालक किंवा ड्रायव्हर सोबत असतील तर यार्डवाला हमखास त्यांच्याशीच बोलू लागेल. त्यांना आधीच सांगून ठेवा, भावाचं विचारलं की "ताईंना विचारा" एवढंच म्हणायचं.

कागद आधी, गाडी नंतर

गाडीचा नंबर घेऊन परिवहन खात्याच्या अ‍ॅपवर टाका. नोंदणीची तारीख, पासिंग कधीपर्यंत आहे, विमा, पीयूसी आणि बोजा, हे सगळं दिसतं. सातबाऱ्यावर बँकेचा बोजा असतो तसाच गाडीच्या आरसीवरही असतो. कर्ज फिटलं असं तोंडी सांगून चालत नाही. बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म 35 लागतो, त्याशिवाय बोजा उतरत नाही आणि गाडी आपल्या नावावर होत नाही. ई-चलनाचा थकलेला दंडही नंबरवरून कळतो. 1 एप्रिल 2019 च्या आधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबर प्लेट बसली आहे का, तेही बघा. मालवाहू गाडीचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. म्हणजे नऊ वर्षांची गाडी स्वस्त दिसली तरी दरवर्षीचा तो खर्च धरायचा.

गाडी सकाळी बघा आणि इंजिन थंड असताना आपल्यासमोर चालू करायला लावा. आधीच गरम करून ठेवलेली गाडी आपले दुखणे लपवते. निळसर धूर निघाला तर इंजिन ऑइल जळतंय, म्हणजे मोठा खर्च. चॅसी नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा. मालाची गाडी असल्यानं मेकॅनिकला खालून चॅसीवर वेल्डिंग आहे का, पाटे बसलेत का, हौद्याचा तळ गंजलाय का हे बघायला लावा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. 3521 असेल तर टायर 2021 सालच्या पस्तिसाव्या आठवड्यातला आहे. मीटर चाळीस हजार दाखवतंय आणि ब्रेकच्या पायडलचं रबर गुळगुळीत झालंय, तर मीटरवर विश्वास ठेवू नका. गाडीची सर्व्हिसिंग कुठं झाली ते विचारून तिथली नोंद मागा.

कोल्हापूर, सांगली, चिपळूण, महाडकडची गाडी असेल तर एक गोष्ट जास्त बघा. 2019 आणि 2021 च्या महापुरात कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. सीटखालच्या पट्ट्यांना गंज, पायाखालच्या मॅटखाली वाळलेला गाळ, केबिनला कुबट वास, असं काही आढळलं तर भाव करत बसू नका, पुढची गाडी बघा. वायरिंगचं दुखणं मागाहून निघतं.

सापडलेल्या प्रत्येक दोषापुढं मेकॅनिककडून रुपयात आकडा लिहून घ्या. "गाडी जरा जुनाट वाटते, कमी करा" म्हटल्यावर कुणी कमी करत नाही. आकडा दाखवला की त्यावर बोलावं लागतं.

समजा यार्डवाला 3,20,000 सांगतोय. बाकी तीन ठिकाणी तशीच गाडी 2,95,000 च्या आसपास आहे. मेकॅनिकनं टायरचे 14,000, क्लचचे 8,000 आणि बॅटरीचे 5,000 लिहिले, एकूण 27,000. म्हणजे गाडीची खरी किंमत 2,68,000. आपण बोलायला 2,55,000 पासून सुरुवात करायची, कारण थोडं वर सरकावं लागतंच. आकडा सांगितला की गप्प बसायचं. हे सगळ्यात अवघड, कारण गप्प बसलं की आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं आणि आपणच "बरं, दोन सत्तर घ्या" म्हणून जातो. थांबा, त्याला बोलू द्या.

तो म्हणेल, "शेठला विचारून येतो." येईल आणि म्हणेल, "दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी टोकन देतंय." असेलही. तरी उठून यायची तयारी ठेवा. यार्डातली गाडी रोज उभी राहते तेव्हा त्याचे पैसे अडकलेले असतात, ही गोष्ट तो बोलत नाही. फोन नंबर देऊन या, पुष्कळदा दोन दिवसांत फोन येतो. नाहीच आला तर दुसरी गाडी आहे. रक्कम अगदीच खाली येत नसेल तर वस्तू मागा. टायर बदलून द्या, विमा भरून द्या, नावावर करायचा खर्च तुमचा. मात्र जे कबूल केलं ते कागदावर घ्या.

शेवटी बिलात फाईल चार्ज, हाताळणी चार्ज असं काही घुसतं. प्रत्येकाचं कारण विचारा. जीएसटीचंही नीट समजून घ्या. नोंदणी असलेला व्यापारी जुनी गाडी विकतो तेव्हा साधारणपणे 18 टक्के कर त्याच्या नफ्यावर, म्हणजे खरेदी आणि विक्रीच्या फरकावर बसतो, पूर्ण किमतीवर नाही. त्याला 25,000 सुटत असतील तर कर 4,500. "2,70,000 वर 18 टक्के" म्हणून 48,600 मागत असेल तर तिथंच थांबा. आणि घरगुती मालकाकडून थेट घेतली तर जीएसटीचा प्रश्नच नाही.

हप्त्याच्या गोड बोलण्यात अडकू नका

"भाव सोडा ताई, महिन्याला फक्त एवढाच हप्ता" हे ऐकलं की सावध व्हा. आधी गाडीचा भाव पक्का, मग कर्ज, वेगवेगळं बोलायचं. कर्ज मिळवून दिल्याबद्दल कित्येक व्यापाऱ्यांना कमिशन मिळतं. 2,50,000 वर "फक्त 9 टक्के फ्लॅट" तीन वर्षांसाठी म्हणजे व्याज 67,500, हप्ता साधारण 8,820. आपण दर महिन्याला मुद्दल फेडत असतो, पण व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण अडीच लाखांवर लागतं. आपल्या गटाच्या बँक कर्जासारखं घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर सव्वासोळा टक्क्यांच्या आसपास जातो. आधी बँकेत विचारा.

इसार देताना पावती हवीच. त्यावर गाडीचा नंबर, चॅसी नंबर, ठरलेली एकूण रक्कम, त्यात काय काय आलं आणि कागद क्लिअर निघाले नाहीत तर इसार परत, हे लिहिलेलं असावं. पैसे बँकेतून द्या. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, ते दाखवायला सांगा.

नावावर करायला फॉर्म 29 आणि 30 लागतात. गाडी घेणाऱ्यानं 30 दिवसांत अर्ज करायचा असतो. कोऱ्या फॉर्मवर सही करून ठेवू नका. विमाही 14 दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. जुन्या मालकाला मिळणारी नो क्लेम सवलत आपल्याला मिळत नाही, म्हणून पुढचा हप्ता थोडा जास्त येईल. तोही बैठकीतल्या आकड्यात धरा.

आणि गाडी कुणाच्या नावावर? हा प्रश्न यार्डात सुटत नाही, तिथं घाईघाईत ज्याचं आधार कार्ड खिशात असेल त्याचं नाव लागतं. पैसे बारा जणींच्या बचतीचे आणि आरसीवर एकीच्या मालकाचं नाव, अशानं पुढं गट फुटतात. प्रभाग संघ किंवा उत्पादक कंपनी नोंदणीकृत असेल तर तिच्या नावावर होईल का ते आरटीओत विचारा. सदस्येच्या नावावर करायची असेल तर गाडी गटाची आहे, उत्पन्न गटाच्या खात्यात जमा होईल आणि ती सदस्य सोडून गेली तर काय, याचा वेगळा ठराव आणि तिचं लेखी संमतीपत्र पैसे देण्याच्या आधी घ्या.

ताबा घेताना तारीख आणि वेळ लिहिलेली पावती घ्या, म्हणजे आधीचं चलन कुणाचं हा वाद नको. दुसरी चावी मागा. आणि जमलं तर दहा-पंधरा हजार राखून ठेवायची बोली करा. आरसी आपल्या नावानं हातात आली की त्या दिवशी तेवढे पोहोचते करायचे.